पिवळं पाणी, दोन नारळ

आमच्या वाडीला सरकारदरबारी चांगलं लांबलचक नाव आहे, पण शिरूर डेपोचा कंडक्टर 'चला, मेंढवाडी' असंच ओरडतो आणि आम्हीही निमूट उतरतो. माझ्या सासरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची. आता घरं झाली, शेतं झाली, रांजणगावच्या कंपन्यांत पोरं शिफ्टला जायला लागली, तरी नाव मेंढरांचंच राहिलं. मी इथं लग्न होऊन आले ती दौंडहून. वडील रेल्वेत, आई मी लहान असतानाच गेलेली. आमच्या क्वार्टरमध्ये नळ होता, सोडला की पाणी यायचं. ते कुठून येतं हे विचारायची मला कधी गरज पडली नाही. ती पडली सासरी आल्यावर, आणि विचारायला शिकवलं ते माझ्या सासूनं.

सासूचं नाव अनसाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. उंच, काटक बाई, आणि आवाज असा की जन्मभर माळाच्या ह्या टोकावरून त्या टोकाच्या मेंढराला हाक मारत आल्यात. जवळ बसलेल्या माणसाकडं मीठ मागितलं तरी शेजारच्या घरातून कुणीतरी 'काय झालं' म्हणून बाहेर यायचं. सुरुवातीला मला वाटायचं, बाई सारखी चिडलेलीच आहे. नंतर कळलं की ही त्यांची साधी बोली आहे. चिडल्यावर त्या हळू बोलतात, आणि तेव्हा आमचे हे, हनुमंत, शिफ्ट नसली तरी कंपनीची पिशवी उचलून बाहेर पडतात.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला ग्रामपंचायतीत आमच्या वॉर्डाची जागा बायकांसाठी निघाली. पुढाऱ्यांना अशी बाई हवी होती की जी दाखवतील तिथं अंगठा देईल. त्यांनी आत्यांना उभं केलं आणि निवडूनही आणलं. अंगठा त्यांना मिळाला. अंगठ्यामागची बाई मात्र त्यांनी नीट पाहिलेली नव्हती. पहिल्याच सभेत कागद पुढं सरकवला तेव्हा आत्या म्हणाल्या, "वाचून दावा. सावकाश." पूर्ण ऐकल्याशिवाय त्यांनी शाईच्या डबीला बोट लावलं नाही, आणि सभासदांचा चहा गार झाला.

पाणी कमिटी मात्र त्यांनी स्वतःहून मागून घेतली. दुसरं कुणी ती घ्यायलाच तयार नव्हतं, कारण आदल्या साली वाडीत कावीळ आली होती. आमची उंच टाकी तेव्हा ठेकेदाराकडून धुऊन घेतली होती म्हणे. धुतली म्हणजे बाहेरून निळा रंग दिला, त्यावर 'पाणी हेच जीवन' असं लिहिलं, आणि आत कुणी डोकावलंही नाही. मग घराघरांत माणसं पिवळी पडली. बाकीची पथ्यपाण्यानं उठली. आत्यांची लेक प्रगती उठली नाही. ती बाळंतपणाला माहेरी आलेली होती, आणि पोटुशी बाईला ही कावीळ फार वाईट. मी तेव्हा घरात नवी होते. तिचे डोळे हळदीसारखे पिवळे झालेले मी पाहिलेत. तिला शिरूरला नेलं, तिथून पुण्याला नेलं, आणि ती आणि तिचं बाळ दोघंही परत आली नाहीत.

त्यानंतर आत्यांनी प्रगतीचं नाव घेणं बंद केलं. घरात हळदीचा डबासुद्धा मागच्या फळीवर गेला. कुणी पिवळं लुगडं आणलं तर त्या ते न बोलता दुसऱ्या कुणाला देऊन टाकत.

आणि अशात मला दिवस राहिले. मला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. आत्यांनी माझ्यासाठी वेगळी कळशी ठेवली. मळ्यातल्या विहिरीचं पाणी स्वतः डोक्यावरून आणायच्या, उकळायच्या, गाळायच्या, आणि मी नळाकडं नुसतं पाहिलं तरी तो मोठा आवाज लागायचा. एकदा मी वैतागून म्हणाले, "आत्या, सगळी वाडी तेच पाणी पिते." त्या हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणून तर." मग मी कळशीतलंच पाणी ओतून घेतलं. मला त्यांची भीती नव्हती वाटत, त्यांच्या भीतीची वाटायची.

टाकी साफ करणं आणि वर्षभर पाण्यात औषध टाकणं, याचा ठेका नव्यानं द्यायचा ठरला. आत्यांनी सभेत सांगून टाकलं, "ह्या बारीला मानूस मी बघून देनार. कुनाचा मेहुना हाय म्हून न्हाई." दोन ठेकेदार पुढं आले. आत्यांनी दोघांना एकच निरोप धाडला, की शेवटचं काम जिथं केलंय तिथल्या नळाचं पाणी डबा भरून घेऊन या. माणसाचं पाणी जोखणं म्हणतात, ते आमच्या आत्यांनी अक्षरशः करायला घेतलं. मला ते फार आवडलं आणि मी कौतुकानं आख्ख्या आळीत सांगितलं.

ठरल्या दिवशी बिरोबाच्या देवळापुढं माणसं जमली. ग्रामसेवक भाऊसाहेब नेमके पंचायत समितीच्या मीटिंगला गेलेले. पहिले आले पोपटराव, जीपमधून, कडक इस्त्रीच्या सफारीत. बरोबर फोटोंचा अल्बम. प्रत्येक फोटोत एक टाकी आणि टाकीच्या पुढं पोपटराव. बोलणं गुळासारखं, आत्यांना वाकून नमस्कार, माझ्या सासऱ्यांना, आबांना, वाकून नमस्कार, मला 'वहिनी, तब्येत जपा'. दुसरा आला जयसिंग, कोरेगाव भीमाकडचा. एम-एटी मोपेडला दोरीनं कॅन बांधलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि तोंडात शब्द इतके कमी की विकत आणल्यासारखे जपून वापरायचा.

आत्यांनी दोन्ही डब्यांतलं पाणी भांड्यात ओतलं, उजेडात धरलं, हुंगलं. जयसिंगच्या पाण्याला औषधाचा वास येत होता. पोपटरावांच्या पाण्याला कसलाच वास नव्हता. तेवढ्यात जयसिंगनं खिशातून एक काचेची नळी आणि एक छोटी बाटली काढली. नळीत आपलं पाणी घेतलं, बाटलीतले थेंब टाकले, अंगठ्यानं तोंड दाबून हलवलं, आणि नळी आत्यांच्या डोळ्यांपुढं धरली. पाणी पिवळं झालं होतं.

"बघा मावशी," तो अभिमानानं म्हणाला, "झालं का न्हाई पिवळंधमक."

आत्यांचा चेहरा मी पाहिला आणि माझा हात आपोआप पोटावर गेला. खरं सांगायचं तर मीही घाबरले. बारावीपर्यंत शिकलेली मी, पण त्या थेंबांचा अर्थ मला कुठं ठाऊक होता. मागून शेजारची धुरपदा म्हणाली, "आगं बाई, कावीळ घिऊन आलाय डब्यात."

पोपटराव हुशार. त्यांनी वारा कुठून वाहतोय ते बरोबर ओळखलं. "टाका की तेच थेंब माझ्या बी पान्यात," ते म्हणाले, आणि स्वतःच बाटली घेऊन थेंब टाकले. नळी हलवली. पाणी होतं तसंच राहिलं, पांढरं स्वच्छ. "बघा अनसाबाई. जसंच्या तसं." माणसांनी टाळ्या वाजवल्या.

"आवो, त्ये तसं नसतंय," जयसिंग म्हणायला लागला, पण त्याचं ऐकतो कोण. आत्या हळू आवाजात म्हणाल्या, "जावा तुमी." तो माणूसही रागीटच. कॅनमधलं पाणी तिथंच ओतून दिलं, एम-एटीला लाथ मारली आणि गेला.

आमच्यात व्यवहार पक्का झाला की समोरच्याच्या हातात नारळ ठेवतात. आत्यांनी पोपटरावांच्या हातात नारळ ठेवला. मेंढवाडीत दिलेला शब्द आणि ठेवलेला नारळ परत घेतल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

त्या दिवशी जेवताना आत्या कधी नव्हे त्या खुशीत होत्या. म्हणाल्या, आता ही नळाचं पाणी पिईल. सासरे, ज्योतिबा आबा, भाकरी कुस्करत होते. आबा म्हणजे मुलखाचे अबोल. घरातली सगळी बोलणी आत्यांनी एकटीनं उरकल्यावर त्यांना तरी काय उरणार? पण त्या दिवशी ते बोलले.

"ह्या बारीला मेंढरू बाजारातच घेतलंस."

एवढंच बोलून ते हात धुवायला उठले. आत्यांचा घास हातातच राहिला. मला काही कळेना, म्हणून मी विचारलं. हिंडण्याच्या दिवसांत मेंढरं पारखून घ्यायचं काम आत्यांकडं असायचं, आणि त्यांची एक रीत होती. मेंढरू बाजारात कधी घ्यायचं नाही. विकणारा त्याला मीठ चारून, पोट फुगेस्तोवर पाणी पाजून उभं करतो, आणि ते दिसतं गुबगुबीत. म्हणून न सांगता त्याच्या वाड्यावर जायचं, म्हणजे जिथं त्याची मेंढरं बसतात त्या तळावर, आणि तिथं बाकीच्यांचे खूर बघायचे. "आन् म्या काय केलं," आत्या म्हणाल्या, "दोघांस्नी सांगितलं, बाजारात घिऊन या."

दुसऱ्या दिवशी त्या निघाल्या. मी म्हणाले, मी येणार. त्या म्हणाल्या, पोटुशी बाईनं एसटीत हादरे खाऊ नयेत. मी म्हणाले, पाणी मला प्यायचंय. यावर त्यांनी माझी पिशवी आपल्या खांद्याला अडकवली.

पोपटरावांनी ज्या गावचं पाणी आणलं होतं तिथं आम्ही उतरलो. त्या गावाचं नाव मी सांगत नाही, त्या लोकांनी पुरेसं भोगलंय. चावडीजवळच्या नळाच्या तोंडाला बायकांनी फडकं बांधलं होतं आणि फडक्यावर शेवाळासारखा हिरवा गाळ. टाकी शेजारीच होती. आत्या तिच्या लोखंडी शिडीजवळ गेल्या आणि मान वर करून बघत उभ्या राहिल्या. शिडीच्या खालच्याच पायऱ्यांवर गांधीलमाश्यांचं पोळं होतं, चांगलं जुनं, परातीएवढं. त्याला ओलांडून वर जाणारा माणूस अजून जन्माला यायचा होता.

"आलं व्हतं एक सायेब," पाणी भरणारी एक बाई म्हणाली. "शिडीला हात लावून फोटू काढला आन् गेलं."

परतीच्या एसटीत आत्यांनी तिकिटं कनवटीला खोचली. मग म्हणाल्या, "ह्यो बी नगं आन् त्यो पिवळा बी नगं. तिसरा बघू." माझे पाय सुजले होते, भूक लागली होती, आणि माझा स्वभाव तसाही काही फार गोड नाही. मी म्हणाले, "त्याचा वाडा बघितलाच नाही तुम्ही. ह्याचा बघितला, त्याचा का नाही? पाण्याचा राग माणसावर का काढता?" कंडक्टरनं वळून पाहिलं. पुढच्या बाजारच्या दिवशी आम्ही दोघी कोरेगाव भीमाच्या गाडीत बसलेल्या होतो.

जयसिंगनं काम केलेलं गाव हमरस्त्यापासून थोडं आत होतं. नळावर साखरबाई नावाची एक बाई हंडा घासत होती. आत्यांनी ओळख सांगितली नाही. वाटसरूसारखं पाणी मागितलं, आणि इथं टाकी कोण बघतं असं विचारलं.

"जयसिंग," साखरबाई म्हणाली. "येडं हाय त्ये. पिवळं झाल्याबिगार ज्येवत न्हाई."

आत्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला. "पिवळं झाल्याबिगार?"

साखरबाईनं हात पुसले आणि समोरच्या घरातून तसलीच नळी आणि बाटली आणली. त्यानं एक संच गावातल्या बायकांकडंच देऊन ठेवला होता. तिनं नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, पाणी पिवळं झालं. "आमी बी पयल्यांदा भ्यालो व्हतो," ती म्हणाली. "वाटलं, कावीळच हाय आत. पर तसं न्हाई बाई. पिवळं झालं म्हंजी जंतू मारायचं औषध नळापोतर पोचलंय. पांढरं ऱ्हायलं म्हंजी औषधच न्हाई. तवा प्यायचं न्हाई. पांढरं दिसलं की आमी त्येला बोलावतो, आन् त्यो शिव्या देत वर चढतो."

आत्या नळाच्या ओट्यावर बसल्या. नळी त्यांनी साखरबाईच्या हातातून घेतली आणि उन्हाकडं धरली. मग त्या बोलल्या, त्यांच्या त्या हळू आवाजात, पण ह्या वेळी राग नव्हता.

"पानी पिवळं व्हायला पायजे व्हतं, आन् झाली माझी पोर."

आणि त्या रडल्या. प्रगती गेल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. तिच्या दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. परक्या गावच्या नळावर, ओळख ना पाळख अशा बाईच्या खांद्याला धरून त्या लहान मुलीसारख्या रडल्या, आणि साखरबाई काही न विचारता त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मीही रडले. हंडा भरून वाहत होता आणि नळ बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

पुढच्या सभेला पोपटराव सफारीत हजर होते, कामाचा कागद घ्यायला. आत्या पदराखाली काहीतरी घेऊन उठल्या.

"पोपटराव, तुमच्या त्या गावाला जाऊन आले. शिडीवरच्या गांधीलमाश्या तुमाला इचारत व्हत्या."

पोपटरावांचा गूळ थोडा पातळ झाला. "अनसाबाई, तुमी शब्द दिला व्हता. नारळ दिला व्हता मला."

"दिला व्हता की," आत्या म्हणाल्या आणि पदराखालून दुसरा नारळ काढला. "त्यो आपल्या रीतीचा व्हता. आता ह्यो घ्या. ह्यो कंपनीतला."

रांजणगावला कंपनीत जाणाऱ्या पोरांना पहिल्यांदा कळलं आणि ती खिदळायला लागली. कंपनीत कामावरून काढलं की 'नारळ दिला' म्हणतात, हे आत्यांना हनुमंतनंच कधीतरी सांगितलेलं. मग सगळी सभा हसली. पोपटराव दोन नारळांचे धनी होऊन जीपमध्ये बसले. पण हसणं ओसरल्यावर आत्या परत उभ्या राहिल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शब्द म्या मोडला. मेंढवाडीत आजपोतर कुनी मोडला नव्हता. काय बोलायचं त्ये मला बोला. पर शब्द माझ्या एकलीचा व्हता, आन् पानी समद्यांचं हाय." आबा मागच्या रांगेत बसले होते. त्यांनी पटका काढून मांडीवर ठेवला आणि पुन्हा नीट बांधला. आमच्या घरात याला शाबासकी म्हणतात.

जयसिंगला आणणं सोपं नव्हतं. तो म्हणाला, हाकललेल्या दारात मी परत येत नसतो. आत्या त्याच्या घरी जाऊन बसल्या. तो आपला कॅन धूत राहिला. मग त्यांनी त्याला प्रगतीचं सांगितलं, नाव न घेता, 'माझी लेक' म्हणून. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मावशी, म्या तुमच्या डोळ्यांम्होरं नळी धरली. मला काय ठावं." दुसऱ्याच दिवशी त्याची एम-एटी टाकीखाली उभी होती.

टाकीतून काय काय निघालं ते मी इथं लिहीत नाही, तुम्ही जेवत असाल. त्यानं आत उतरून भिंती घासल्या, गाळ उपसला, धुऊन पाणी काढून टाकलं, पुन्हा भरलं, टीसीएल पावडर, म्हणजे ते जंतू मारायचं औषध, कालवून टाकली. मग टाकीखालच्या नळाला नळी लावली. पिवळं. माणसं निघायला लागली. जयसिंग म्हणाला, थांबा, आणि वाडीच्या पार शेवटच्या नळावर गेला. तिथं पाणी पांढरंच राहिलं. त्यानं काहीतरी पुटपुटत पुन्हा टाकी गाठली आणि वर चढला. आत्या त्या शेवटच्या नळापाशी उकिडव्या बसून राहिल्या, जेवायला बोलावलं तरी उठल्या नाहीत. तिथलं पाणी नळीत पिवळं झालं तेव्हा त्यांनी नळाखाली फुलपात्र धरलं आणि ते माझ्यापुढं केलं.

"पी," त्या म्हणाल्या. मी प्याले. दवाखान्यासारखा वास येत होता. इतकं चांगलं पाणी मी आयुष्यात प्याले नाही.

मला मुलगी झाली, शिरूरच्या दवाखान्यात. सगळं नीट पार पडलं, आणि दोन-तीन दिवसांनी बाळाचे डोळे पिवळसर दिसायला लागले. आत्यांनी ते माझ्या आधी पाहिलं. त्या बाळाला दुपट्यात गुंडाळून डॉक्टरीणबाईंकडं अशा गेल्या की दारातली नर्स बाजूला झाली. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि समजावून सांगितलं. पुष्कळ नवजात बाळांना असं होतं, ती कावीळ वेगळी, ह्या बाळाला काही धोका नाही, अंगावर पाजत राहा, आम्ही लक्ष ठेवतो. आत्यांनी त्यांना तेच तीनदा सांगायला लावलं, सावकाश, पंचायतीच्या कागदासारखं. मग खाटेशेजारी येऊन बसल्या आणि बाळ मांडीवरून खाली ठेवेनात. मी म्हणाले, "आत्या, ऐकलंत ना, काही नाही." त्या म्हणाल्या, "ऐकलं. पर वाड्यावर जाऊन बघितल्याबिगार मी इस्वास ठिवत न्हाई." आणि रोज सकाळी बाळाचे डोळे उजेडात बघत राहिल्या.

पिवळेपणा हळूहळू गेला. आम्ही घरी आलो. जयसिंगनं आमच्याही वाडीला एक नळी दिली होती, ती आत्यांच्या ताब्यात. पहिल्याच सकाळी त्या दारातल्या नळाचं पाणी नळीत घेऊन, थेंब टाकून, हलवत हलवत पाळण्याशी आल्या. मी डोळे मिटून पडले होते, त्यांना वाटलं झोपलेय. त्यांनी नळी बाळाच्या तोंडाशेजारी धरली. एकदा नळीकडं बघितलं, एकदा बाळाच्या डोळ्यांकडं. डोळे पांढरे स्वच्छ होते.

"बघ, पानी पिवळं झालं," त्या बाळाला म्हणाल्या, चक्क हळू आवाजात. "आता तू न्हाई व्हायचं, प्रगती."

बारशाला अजून अवकाश होता. पण बारशाला काय नाव ठेवायचं, हे मग कुणी कुणाला विचारलं नाही.